तरणें, तारणें आणि ‘बेलआऊट’

इ. स. २००८ च्या सप्टेंबर महिन्यांत अमेरिकेंतील मोठमोठ्या पेढ्या एकामागून एक डळमळूं लागल्या, तेव्हां मराठी वृत्तपत्रें वाचणाऱ्या घरांत एक नवा पाहुणा शिरला. ‘बेलआऊट’ हें त्याचें नांव. ‘बेलआऊट पॅकेज’, ‘बेलआऊटची मागणी’, ‘बेलआऊट नाकारलें’ अशा मथळ्यांची पुढें इतकी संवय झाली कीं, आज एखादी विमानकंपनी बुडूं लागली किंवा एखादें लहानसें राष्ट्र कर्जाच्या गाळांत रुतलें, म्हणजे वार्ताहर हा शब्द अर्थाचा विचार न करतां लिहितो आणि वाचकही अर्थ न विचारतां पुढें जातो. वाचकाला कांहींच कळत नाहीं असें नव्हे. कोणीतरी अडचणींत आहे आणि सरकार त्याला पैसे देत आहे, एवढें त्याला कळतें. परंतु इंग्रजी वाचकाच्या कानीं ह्या शब्दांतून जे तीन-चार निरनिराळे सूर पडतात, त्यांतला एकही मराठी कानापर्यंत पोंचत नाहीं. आपल्याला ‘बेल’ म्हटलें कीं एक तर शंकराच्या पिंडीवरचें त्रिदळ आठवतें, नाहीं तर क्रिकेटच्या यष्टींवरच्या त्या दोन लांकडी कांड्या आठवतात. आणि दोहोंचाही प्रस्तुत शब्दाशीं संबंध नाहीं.

शब्द परका आहे एवढ्यासाठीं त्याच्यावर रुसण्याचें कारण नाहीं. ‘जामीन’ आणि ‘हमाल’ हे दोन्ही शब्द मूळचे अरबी आहेत, आणि त्यांच्यावांचून आपलें न्यायालय किंवा आपली बाजारपेठ एक दिवसही चालणार नाहीं. आमची तक्रार वेगळी आहे. ‘बेलआऊट’ हा एक शब्द नसून एकाच अंगरख्यांत शिरलेले चार शब्द आहेत. त्यांतला एक न्यायालयांतून आला, एक होडींतून, एक विमानांतून आणि एक सरकारी तिजोरींतून. चौघेही सुटकेचीच गोष्ट सांगतात; पण सुटका कोणाची, ती करणारा कोण आणि तिचा भार कोणाच्या माथीं, ह्या प्रश्नांना चौघे चार उत्तरें देतात. इंग्रजी लेखक ह्या संदिग्धतेचा जाणूनबुजून उपयोग करून घेतो. मराठी लेखक ती न कळतां उचलतो. ती उकलून पाहावी, आणि ह्या कामाला लागणारें साहित्य मराठीच्या घरीं आहे कीं नाहीं हें तपासावें, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

शब्दाचें कूळ शोधूं गेलें तर तें अगदीं साध्या घरांत जाऊन थांबतें. लॅटिन भाषेंत ‘बाजुलुस’ म्हणजे ओझें वाहणारा. आपल्या भाषेंत सांगावयाचें तर हमाल. ह्या हमालापासून ‘ओझें वाहणें’ असें क्रियापद झालें, आणि तें जुन्या फ्रेंचमध्यें उतरल्यावर ‘ताब्यांत घेणें, सांभाळणें, हवालीं करणें’ अशा अर्थांनीं वापरलें जाऊं लागलें. पाठीवरच्या ओझ्याच्या जागीं जबाबदारीचें ओझें आलें. ह्याच कुळांतला एक वंशज व्हेनिसच्या प्रजासत्ताकाचा वकील म्हणून कॉन्स्टंटिनोपलच्या दरबारीं ‘बाइलो’ ह्या पदवीनें मिरवीत होता. दुसरा ‘बेलीफ’ ह्या नांवानें आजही आपल्या दिवाणी न्यायालयाचा हुकूम घेऊन कर्जदाराच्या दारांत उभा राहतो. घराण्याच्या धाकट्या शाखेनें मात्र अंगमेहनत सोडली नाहीं. पाणी वाहून नेण्याच्या भांड्याला फ्रेंचमध्यें त्याच मुळावरून बादली ह्या अर्थाचा शब्द मिळाला, आणि त्या भांड्यानें होडींतलें पाणी बाहेर फेकण्याला इंग्रज खलाशी ‘बेल’ करणें म्हणूं लागले. न्यायालयांतला जामीन आणि खलाशाची बादली हे अशा रीतीनें चुलतभाऊ ठरतात.

प्रथम न्यायालयांतला अर्थ घेऊं. आरोपीला ‘बेल’वर सोडणें म्हणजे त्याला मोकळें करणें, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. मूळ कल्पना तशी नाहीं. राजाच्या तुरुंगांतून काढून आरोपीला त्याच्या जामिनांच्या हवालीं करणें, हा मूळ अर्थ होय. कैद संपत नाहीं. ती सांभाळणारा तेवढा बदलतो. दगडी भिंतीच्या जागीं शेजाऱ्याचा किंवा आप्ताचा शब्द येतो, आणि आरोपी पळाला तर त्या शब्दाची किंमत त्या शेजाऱ्याला मोजावी लागते. कोणत्या अपराधांत असा जामीन घ्यावा व कोणत्यांत घेऊं नये हें इंग्लंडांत १२७५ सालच्या वेस्टमिन्स्टरच्या कायद्यानें नमूद केलें, आणि जामिनाची रक्कम अवाच्या सवा मागूं नये असा निर्बंध १६८९ च्या हक्कांच्या कायद्यानें घातला. ह्या दुसऱ्या निर्बंधाची गरज कां पडली, हें ध्यानांत घेण्यासारखें आहे. जामीन उघडपणें नाकारण्याऐवजीं तो कोणालाच पेलणार नाहीं इतका जड करून ठेवावा, अशी युक्ति राजाच्या न्यायाधीशांनीं शोधून काढली होती. हमालाच्या डोक्यावर पर्वत ठेवला म्हणजे ओझें उचलूं दिलें नाहीं असें कोणी म्हणूं शकत नाहीं!

येथें आपल्या जुन्या व्यवहाराची आठवण होते. इंग्रजींत ज्याला एकच शब्द होता, त्याचे आपल्याकडे बारकाईनें भेद केलेले होते. माणूस ठरल्या दिवशीं हजर करण्याची हमी घेणारा तो हाजिरजामीन. पैसे भरण्याची हमी घेणारा तो मालजामीन. आणि माणसाच्या वर्तणुकीबद्दल हमी घेणारा तो फैलजामीन. तिन्ही ठिकाणीं ‘जामीन’ म्हणजे एक हाडामांसाचा माणूस होता. ‘मी जामीन राहतों’ असें तो चारचौघांत म्हणे आणि त्या म्हणण्यानें बांधला जाई. आज आपण वर्तमानपत्रांत ‘जामीन मंजूर’, ‘जामीन फेटाळला’ असें वाचतों. तेथें जामीन म्हणजे माणूस नव्हे, न्यायालयाचा एक हुकूम आहे, किंवा फार तर एक रक्कम आहे. इंग्रजी ‘बेल’चीही अशीच अवस्था झाली. एके काळीं तोही जामीन राहणाऱ्या माणसाला उद्देशून वापरीत. पुढें माणूस पुसट झाला आणि रक्कम ठळक झाली. अमेरिकेंत तर पैसे घेऊन परक्यांना जामीन राहण्याचा एक रीतसर धंदाच होऊन बसला आहे.

ह्या बदलाचा परिणाम केवळ कोशापुरता राहत नाहीं. १९७८ सालीं आपल्या सर्वोच्च न्यायालयापुढें मध्यप्रदेशांतील एका गवंड्याचें प्रकरण आलें होतें. त्याला जामिनावर सोडावें असा हुकूम झाला होता. पण खालच्या न्यायाधिकाऱ्यानें दहा हजार रुपयांचा जामीन मागितला, आणि त्याचा भाऊ जामीन राहावयास आला तेव्हां भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यांत आहे ह्या कारणावरून त्याला नाकारलें. म्हणजे ज्या नात्याच्या विश्वासावर ही सर्व संस्था उभी राहिली, तें सख्खें नातें समोर उभें होतें. पण तें मोजण्याचें माप न्यायाधिकाऱ्याजवळ नव्हतें. न्यायमूर्ति कृष्ण अय्यर ह्यांनीं त्या गवंड्याला त्याच्या स्वतःच्या हजार रुपयांच्या मुचलक्यावर सोडण्याचा आदेश दिला. ह्या प्रकाराला मराठींत ‘जातमुचलका’ असा सुंदर शब्द आहे. स्वतःचें ओझें स्वतःच वाहण्याची परवानगी, असा त्याचा अर्थ करतां येईल.

होडींतला अर्थ ह्याहून अगदीं निराळा. येथें न्यायाधीश नाहीं, जामीन नाहीं आणि तिजोरीही नाहीं. लाट आंत शिरली आहे किंवा तळाची फळी निखळली आहे, आणि जे होडींत बसले आहेत त्यांनींच हातीं लागेल त्या भांड्यानें पाणी बाहेर टाकावयाचें आहे. आपण ह्याला ‘उपसणें’ म्हणतों. गंमत अशी कीं, इंग्रजींत जसें पाणीही ‘बेल आऊट’ करतात आणि होडीही करतात, तसें मराठींतही आपण पाणीही उपसतों आणि विहीरही उपसतों. जें काढावयाचें तेंही कर्म आणि ज्यांतून काढावयाचें तेंही कर्म, अशी दोन्ही भाषांची सोय आहे. परंतु व्याकरणापेक्षां येथें महत्त्वाची आहे ती ह्या क्रियेची नीति. उपसणारा परोपकार करीत नाहीं. तो स्वतःही त्याच होडींत असतो. त्याच्या श्रमाचा वांटा त्याला दुसऱ्यावर ढकलतां येत नाहीं. शिवाय उपसण्यानें भोक बुजत नाहीं, फक्त किनारा गांठावयास वेळ मिळतो, ही जाणीव प्रत्येक खलाशाला असते.

तिसरा अर्थ आकाशांतून पडला. पण त्याची चाहूल जमिनीवर पूर्वीच लागलेली होती. १७८५ सालीं फ्रान्सिस ग्रोस ह्यानें लंडनच्या गल्लीबोळांतल्या बोलीचा जो कोश छापला, त्यांत पायांचा जामीन देणें अशा मतलबाचा एक वाक्प्रचार नोंदलेला आहे. अर्थ उघड आहे: ज्याला जामीन राहावयास कोणी मिळत नाहीं, त्यानें आपल्या पायांनाच जामीन ठेवावें आणि पळून जावें. आपल्याकडे असा माणूस ‘काढता पाय घेतो’. सुटका करणाऱ्या शब्दाच्या पोटांत पळून जाण्याची थट्टा अशी दीडशें वर्षें दडून होती. विमानांनीं तिला गंभीर रूप दिलें.

२० ऑक्टोबर १९२२ रोजीं ओहायो संस्थानांतील डेटन येथें हॅरल्ड हॅरिस ह्या वैमानिकाचें विमान हवेंतच मोडूं लागलें, तेव्हां त्यानें बाहेर उडी टाकली आणि हातानें उघडावयाच्या हवाईछत्रीच्या आधारानें तो जिवंत खालीं उतरला. अशा रीतीनें वांचलेल्यांची एक मंडळी त्यानंतर निघाली. सुरवंट हें तिचें चिन्ह, कारण रेशमाच्या धाग्यावर सुरवंट खालीं उतरतो आणि त्या वेळच्या हवाईछत्र्या रेशमाच्या असत. एकट्यानें अटलांटिक महासागर ओलांडून १९२७ सालीं जगप्रसिद्ध झालेला चार्ल्स लिंडबर्ग त्यापूर्वीं चार वेळां असा उतरलेला होता. वैमानिकांच्या ह्या उडीला ‘बेल आऊट’ म्हणूं लागले. इंग्लंडांत पुष्कळ लोक हा शब्द कापसाच्या गांठीच्या अर्थाच्या शब्दासारखा लिहीत, जणूं कांहीं वैमानिक म्हणजे विमानाच्या झडपेंतून खालीं ढकललेली एक गांठच! अक्षरें कशीही लिहा. अर्थाची दिशा मात्र येथें पार फिरली. न्यायालयांत दुसरा कोणी आपल्याला सोडवी. होडींत सगळे मिळून होडी वांचवीत. येथें वैमानिक विमान सोडतो आणि स्वतः वांचतो. क्रियापद सकर्मक होतें तें अकर्मक झालें.

म्हणून ह्या उडीला भ्याडपणा म्हणावें काय? मुळींच नाहीं. १६ ऑगस्ट १९४० रोजीं साउदॅम्प्टनच्या आकाशांत जेम्स निकल्सन ह्या ब्रिटिश वैमानिकाचें विमान पेटलें. तो जखमी झाला होता आणि उडी टाकण्याच्या बेतांत होता. इतक्यांत शत्रूचें एक विमान त्याच्या टप्प्यांत आलें. तो पेटलेल्या आसनावर तसाच राहिला, त्यानें बंदुका चालविल्या आणि मगच उडी टाकली. ह्याबद्दल त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. पुढें १९४५ सालच्या मे महिन्यांत बंगालच्या उपसागरावर दुसऱ्या एका विमानाच्या अपघातांत त्याचा अंत झाला. निकल्सनच्या गोष्टींत ‘बेल आऊट’ हा शब्द कर्तव्य संपल्यानंतरच्या क्षणाचा वाचक आहे. तोच शब्द आजचा इंग्रजी तरुण मित्रांबरोबर ठरलेला बेत आयत्या वेळीं मोडतांना वापरतो, तेव्हां त्यांतलें विमान गेलेलें असतें, आगही विझलेली असते. उरते ती फक्त उडी. म्हणजे ग्रोसच्या कोशांतला काढता पाय पुन्हां आपल्या जागीं आला.

आतां ज्या अर्थानें हा शब्द आपल्याकडे आला, त्या चौथ्या अर्थाकडे वळूं. अमेरिकन सरकारनें १९७१ सालीं लॉकहीड ह्या विमानें बांधणाऱ्या कंपनीच्या पंचवीस कोटि डॉलरांच्या कर्जाची हमी घेतली. १९७५ सालीं न्यूयॉर्क शहराचें दिवाळें निघण्याची वेळ आली, तेव्हां अध्यक्ष फोर्ड ह्यांनीं शहराला ‘बेलआऊट’ देणारा कोणताही कायदा आपण नामंजूर करूं असें २९ ऑक्टोबर रोजीं जाहीर केलें. आणि दोन महिने पुरे होण्यापूर्वीं त्याच शहराला दरसाल २३० कोटि डॉलरांपर्यंत हंगामी कर्ज देणाऱ्या कायद्यावर त्यांनीं सही केली. ‘बेलआऊट’ला त्यांचा विरोध कायम होता, कर्जाला नव्हता. नंतर क्रायस्लर ह्या मोटारकंपनीची पाळी आली. तिला सरकारनें रोख पैसे दिले नाहींत, तर १५० कोटि डॉलरांच्या कर्जाला तें जामीन राहिलें, आणि कंपनीनें तें कर्ज १९८३ सालीं मुदतीच्या सात वर्षें आधींच फेडलें. जुन्या मराठी कारकुनानें ह्या व्यवहाराचें वर्णन दोन शब्दांत केलें असतें: सरकार मालजामीन राहिलें. इंग्रजी वृत्तपत्रांनीं हमी, कर्ज आणि देणगी ह्या तिन्हींवर एकाच नांवाचा शिक्का मारला.

२००८ सालीं ह्या शिक्क्याची खरी करामत दिसली. १५ सप्टेंबरला लेहमन ब्रदर्स ह्या पेढीनें दिवाळखोरीचा अर्ज केला आणि तिला कोणी हात दिला नाहीं. दुसऱ्याच दिवशीं एआयजी ह्या विमाकंपनीला ८,५०० कोटि डॉलरांपर्यंत कर्ज देण्याचें ठरलें. आणि ३ ऑक्टोबरला ७०,००० कोटि डॉलरांच्या योजनेचा कायदा झाला. ह्या कायद्याच्या नांवांत स्थैर्याचा उल्लेख आहे, योजनेच्या नांवांत साहाय्याचा आहे. ‘बेलआऊट’ हा शब्द मात्र दोहोंतही नाहीं. तो शब्द रस्त्यावरच्या लोकांनीं वापरला, आणि प्रत्येकानें आपापल्या सोयीचा सूर त्यांत ऐकला. ज्यांचा विरोध होता त्यांना न्यायालय दिसलें: गुन्हेगाराला पैसे भरून सोडविलें जात आहे, आणि जामीन राहिले आहेत ते बिचारे करदाते! ज्यांचा पाठिंबा होता ते होडीची भाषा बोलूं लागले: आपण सारे एकाच होडींत आहोंत, आतां भांडूं नका, पाणी उपसा. आणि ज्या घरमालकांचीं घरें कर्जापायीं लिलावांत गेलीं त्यांना विमान दिसलें असेल, तर त्यांना दोष देतां येणार नाहीं. कारण ज्यांनीं विमान चालविलें ते गलेलठ्ठ पगार व बक्षिसें घेऊन रेशमाच्या छत्रीनें अलगद खालीं उतरले, आणि विमान पडलें तें ह्यांच्या छपरावर. न्यायासाठीं हेंही सांगितलें पाहिजे कीं, पेढ्यांना दिलेली रक्कम सरकारला पुढें नफ्यासह परत मिळाली. म्हणजे चौथें चित्रही खोटें नव्हतें. खोटें होतें तें एवढेंच कीं, चारही चित्रांना एकच नांव असल्यामुळें लोक एकाच गोष्टीबद्दल भांडत आहेत असा भास होत होता.

शब्द मुळापासून तुटला म्हणजे त्याचें काय होतें, ह्याचें उदाहरण पुढें लवकरच मिळालें. बाहेरच्यांच्या पैशानें बुडती पेढी वांचविणें म्हणजे ‘बेलआऊट’, तर तिच्याच धनकोंच्या व ठेवीदारांच्या पैशानें ती वांचविणें ह्याला ‘बेल-इन’ म्हणावें, असें अर्थपंडितांनीं ठरविलें. ‘आऊट’च्या जागीं ‘इन’ घातलें कीं झाला नवा शब्द! होडींत पाणी आंत ओतावें, किंवा आरोपीला जामीन देऊन तुरुंगांत घालावें, असाच ह्याचा अर्थ होतो हें कोणाच्या ध्यानांत आलें नाहीं. २०१३ सालीं सायप्रस बेटांतील दोन मोठ्या बँकांच्या ज्या ठेवीदारांच्या ठेवी एक लाख युरोंहून अधिक होत्या, त्यांना ह्या शब्दाचा अर्थ कोश न उघडतां समजला. आपल्याकडेही ऑगस्ट २०१७ मध्यें लोकसभेंत मांडलेल्या एका विधेयकांत ही तरतूद होती. तिनें ठेवीदारांत मोठी घबराट उडाली आणि एका वर्षानें तें विधेयक मागें घेण्यांत आलें. त्या काळांत मराठी वृत्तपत्रांत ‘बेल-इन’ हा शब्द जसाच्या तसा छापला जात होता. आयुष्याची पुंजी बँकेंत ठेवून व्याजावर प्रपंच चालविणाऱ्या वृद्धाला त्यावरून काय बोध व्हावा? ‘ठेवीदारांच्या पैशानें बँक वांचविणें’ एवढें साधें मराठी लिहिलें असतें, तर विधेयकाच्या बाजूनें किंवा विरुद्ध, त्याला आपलें मत तरी बनवितां आलें असतें. घबराट नेहमीं अर्ध्या कळलेल्या शब्दांतून निघते.

मग मराठींत काय म्हणावें? ह्या ठिकाणीं आपल्या भाषेंत एक असें साहित्य पडून आहे कीं, त्याकडे दुर्लक्ष झालें ह्याचें नवल वाटतें. संस्कृतांतील ‘तॄ’ म्हणजे पलीकडे जाणें, ह्या धातूपासून आपलें ‘तरणें’ झालें आणि त्याचें प्रयोजक ‘तारणें’ झालें. नदीवरची तर आणि समुद्रावरचें तारूं हीं ह्याच घराण्यांतलीं. जो स्वतः पार पडतो तो तरतो. जो दुसऱ्याला पार नेतो तो तारतो. वैमानिक तरला, सरकारनें पेढीला तारलें. इंग्रजींत जो भेद एकाच शब्दाच्या पोटांत गुदमरून गेला, तो मराठींत एका मात्रेनें स्पष्ट होतो. आपल्या संतांनीं तर ह्या दोन क्रियापदांवर एक सबंध नीतिशास्त्र उभारलें. आपण तरावें आणि इतरांसही तारावें, ही त्यांची साधुत्वाची कसोटी होती. नुसता तरणारा त्यांना अपुरा वाटे, आणि स्वतः न तरतां दुसऱ्याला तारूं पाहणारा दांभिक वाटे. तुकोबांच्या वह्या इंद्रायणींत तरल्या असें आपण म्हणतों. त्या कोणी तारल्या हें भाविकाला वेगळें सांगावें लागत नाहीं.

परंतु ह्या घराण्यांतला आमच्या दृष्टीनें सर्वांत मोलाचा शब्द तिसराच आहे. तो म्हणजे ‘तारण’. ह्याचा एक अर्थ उद्धार. आणि दुसरा अर्थ, कर्जाच्या फेडीसाठीं सावकाराजवळ ठेवलेली वस्तु. गांवोगांवच्या पतसंस्थांच्या पाट्यांवर ‘सोनेतारण कर्ज’ हीं अक्षरें आपण रोज वाचतों. बाजारसमितीच्या गोदामांत शेतकरी आपलें धान्य तारण ठेवतो. उद्धार आणि हमी, पाणी आणि पैसा, असे जे अर्थ लॅटिन हमालाच्या दोन शाखांनीं दोन वाटांनीं नेले, ते आपल्याकडे एका शब्दांत शेजारीं शेजारीं नांदत आहेत. ही केवळ योगायोगाची मौज नव्हे. ज्याला कोणी तारावें त्यानें बदल्यांत कांहीं तारण ठेवावें, ही व्यवहाराची शिकवण त्या शेजारांत आहे.

आमच्या सूचनेवर दोन आक्षेप येतील. पहिला असा कीं, मथळ्याला आंखूड शब्द लागतो. पण ‘बँकेस बेलआऊट पॅकेज जाहीर’ ह्यापेक्षां ‘सरकारनें बँकेस तारलें’ हें लांब आहे असें कोण म्हणेल? उलट ह्या दुसऱ्या वाक्यांत एक मोठी सोय आहे. ‘बेलआऊट’ हें नाम आहे. तें मिळतें, नाकारलें जातें, जाहीर होतें, आणि ह्या सर्वांत देणारा अदृश्य राहूं शकतो. ‘तारलें’ हें सकर्मक क्रियापद आहे. तें उच्चारतांच मराठी मन विचारतें: कोणी तारलें? आणि लगेच दुसरी तृतीया मागतें: कोणाच्या पैशानें? वार्ताहरानें हीं दोन उत्तरें दिल्याशिवाय त्याचें वाक्य पुरें होत नाहीं. वृत्तपत्रांत ‘बेलआऊट’ऐवजीं कधीं कधीं ‘संजीवनी’ हा शब्द योजलेला दिसतो. त्यापेक्षां ‘बेलआऊट’ पत्करला. कारण संजीवनी आणणारा मारुति ती डोंगरावरून आणतो. ती कोणाच्या खिशांतून आली हें कोणी विचारीत नाहीं.

दुसरा आक्षेप अधिक विचारांत घेण्यासारखा आहे. ‘तारणें’ हा भक्तीच्या भाषेंतला शब्द. तो सरकारला लावला तर सरकार देव ठरेल आणि बुडणारी कंपनी भक्त ठरेल, असें कोणी म्हणतील. भीति खोटी नाहीं. पण तिच्यावरचा उतारा त्याच घराण्यांत आहे. देव तारण मागत नाहीं. सरकारनें मागितलें पाहिजे. एआयजीला कर्ज देतांना अमेरिकन सरकारनें त्या कंपनीची जवळजवळ ऐंशी टक्के मालकी आपल्या हातीं घेतली होती. हें वृत्त ज्या मराठी वाचकाला ‘बेलआऊट’ ह्या शब्दांतून मिळालें, त्याला ही अट तपशिलांतली एक बारीकशी बाब वाटली असेल. ‘अमेरिकन सरकारनें विमाकंपनीस तारलें, तारण म्हणून ऐंशी टक्के मालकी घेतली’ असें वाचलें असतें, तर व्यवहाराचीं दोन्ही अंगें त्याच्यापुढें एकदम उभीं राहिलीं असतीं, आणि पुढच्या प्रत्येक अशा वार्तेला त्यानें तोच प्रश्न विचारला असता.

तेव्हां आमचें म्हणणें इतकेंच आहे. न्यायालयांत जामीन असावा, आणि जामीन राहणारा माणूस विसरला जाऊं नये. होडींतलें पाणी उपसावें. विमानांतून उडी टाकावी, आणि बेत मोडणाऱ्या मित्रानें काढता पाय घेतला असें खुशाल म्हणावें. सरकारनें कोणा कर्जाची हमी घेतली तर तें मालजामीन राहिलें असें लिहावें. पैसे ओतून कोणाला वांचविलें तर त्यानें तारलें असें लिहावें. ‘बेलआऊट’ ह्या शब्दाला मराठींतून हद्दपार करण्याचा आमचा आग्रह नाहीं. तो आतां इथला झाला आहे आणि राहील. पण तो लिहितांना लेखकानें, आणि वाचतांना वाचकानें, त्या शब्दाच्या मुळाशीं उभ्या असलेल्या हमालाची एकदां आठवण करावी. ओझें नाहींसें कधींच होत नाहीं. तें एका पाठीवरून दुसऱ्या पाठीवर जातें. नवी पाठ कोणाची, आणि तिनें तारण काय घेतलें, हीं दोन उत्तरें ज्या बातमींत नाहींत, ती बातमी पुरती मराठींत आलेलीच नाहीं असें समजावें.